दगडावरची न वाचलेली ओळ

डोंबिवलीच्या एका वाचनालयात, ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी, चित्रा टिपणीस खोटं बोलली. समोर दीडशे माणसं होती, हातात माइक होता आणि प्रश्न अगदी साधा होता.

चित्रा ठाण्याच्या एका कॉलेजात प्राचीन भारतीय संस्कृती शिकवायची. शिलाहार राजांच्या काळातले दानलेख हा तिचा प्रांत. ठाणे-कल्याण पट्ट्यात कुठे पाया खोदताना शिळा लागली, कुठे देवळाच्या पायरीला अक्षरं दिसली, की पहिला फोन चित्राला यायचा. पण वाचनालयात गर्दी जमली होती ती तिच्या कादंबरीसाठी. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, कुणाला न सांगता, तिने 'शिळेखालचं राज्य' नावाची एक अद्भुत कथा लिहून काढली होती. खाडीच्या तळाशी एक राज्य आहे, तिथली दारं भरतीला मिटतात आणि ओहोटीला उघडतात, अशी काहीतरी ती गोष्ट. विभागातल्या लोकांनी नाकं मुरडली. पोरांनी मात्र डोक्यावर घेतली. बघता बघता तीन भाग निघाले.

त्यातही सगळ्यांची लाडकी होती खलनायिका. तिचं नाव आसवी. आसवी सूर्यचंद्र कोरलेल्या एका दगडावर धुणं धुते, त्या दगडाला आपलं सात महिन्यांचं पोर देऊन टाकते आणि बदल्यात समुद्राच्या भरतीवर हुकमत मिळवते. पोरी तिच्यासारखं काळं लुगडं नेसून फोटो काढायच्या.

मागच्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, आसवी तुम्हाला कुठून सुचली? अशी खरी कुणी बाई होती का?"

"छे गं," चित्रा हसून म्हणाली. "आसवी शंभर टक्के काल्पनिक. माझे शिलालेख खरे आणि कादंबऱ्या खोट्या. दोघांना मी एकमेकांच्या घरात येऊ देत नाही."

लोक हसले, टाळ्याही पडल्या. नंतर सह्यांसाठी रांग लागली. ती मुलगी सगळ्यात शेवटी आली. तिच्या हातातलं पुस्तक पुष्कळ वाचलेलं होतं, मध्येमध्ये पानं दुमडलेली होती.

"कुणाच्या नावाने लिहू?"

"मालन गायकर."

चित्राचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं.

"मी रुचिता. त्यांची नात," मुलगी हळूच म्हणाली. "पान एकशे बारा. धुणं आपटायच्या आवाजाला बाळ खुदकन हसतं. मॅडम, ते आजी आम्हाला सांगते. घरात सांगते. बाहेर कुणाला माहीतच नाही. तुम्ही मघाशी काल्पनिक म्हणालात तेव्हा मला वाटलं, मी चुकतेय. पण नाव ऐकून तुमचं तोंड बघितलं मी आत्ता."

रुचिताने पुस्तक उचलून पिशवीत टाकलं. सही झालेलीच नव्हती.

"आजीला वाचता येत नाही. मी तिला अजून काही बोललेले नाही. ते तुम्ही येऊन सांगा," एवढं म्हणून ती निघून गेली.

*

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. चित्रा तेव्हा सत्तावीस वर्षांची, पीएचडीच्या मागे धावणारी. कुणीतरी सांगितलं, मानपाड्याजवळच्या एका गावात शेंदूर फासलेला गधेगाळ आहे. मानपाडा म्हणजे ठाण्याचा नव्हे, डोंबिवलीचा. गधेगाळ म्हणजे दान दिलेल्या जमिनीवर उभा केलेला दगड. वर सूर्य आणि चंद्र कोरलेले, मध्ये लेख, आणि खाली एक शिवी चितारलेली: एक बाई आणि तिच्यावर चढलेलं गाढव. हे दान जो मोडील त्याच्या आईची ही गत होवो, असा त्याचा रोखठोक अर्थ. त्या काळी राजेसुद्धा असंच बोलायचे.

गावात गेल्यावर पुरुषमंडळी म्हणाली, दगडाचं सगळं मालनला विचारा, तीच बघते. मालन तेव्हा अडतीस वर्षांची. काटक, काळीसावळी, गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेली. चित्राला लेखाचा ठसा घ्यायचा होता, आणि त्यासाठी शेंदूर काढणं भाग होतं. मालनने आधी दगडाला हात जोडले, मग स्वतःच्या हाताने खोबरेल चोळून चोळून शेंदूर उतरवला. विहिरीवरून पाणी आणलं. चित्राने ओला कागद दगडावर बसवला, ब्रशने ठोकून ठोकून अक्षरांत घातला, वरून शाई फिरवली. हळूहळू कागदावर पांढरी अक्षरं उमटायला लागली. मालन डोळे फाडून बघत होती.

"काय लिवलंय गो?" तिने विचारलं.

चित्राने मनात वाचलं. शके, महिना, राजाचं नाव, देवळाच्या दिव्याकरता दिलेलं भाताचं शेत. आणि मग ती ओळ. ती ओळ वाचताना ठाण्याच्या पांढरपेशा नौपाड्यात वाढलेल्या चित्राचे कान तापले. आजूबाजूला चारपाच बाप्ये उभे होते. तिने मान खाली घातली.

"शाप आहे," ती म्हणाली. "जुना."

"कुनाला?"

"जो... मर्यादा मोडेल, त्याला."

मालनने लांब श्वास सोडला. "म्हंजे खरंच हाय मग."

पुरुष पांगल्यावर मालन तिला घरी घेऊन गेली. भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली आणि चित्राच्या समोर बसून, जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. ती लग्न होऊन आली तेव्हा हा दगड विहिरीपाशी पालथा पडलेला होता. सासूनेच सांगितलं, त्यावर धुणं धू. मालन धूत असे. पहिला मुलगा झाला, त्याला ती शेजारी गोधडीवर ठेवायची. कपडा दगडावर आपटला की पोर खुदकन हसायचं. त्याच्या मनगटीत काळे मणी होते, मधोमध एकच पांढरा. सातव्या महिन्यात ताप आला आणि तीन दिवसांत पोर गेलं. महिन्याभराने विहिरीचं बांधकाम निघालं, दगड उलटला, खालची ती आकृती दिसली. कुणी म्हणालं, हा शापाचा दगड. सासूने सगळ्या गावासमोर मालनकडे बोट केलं. हिनं याच्यावर आमची मळकी लुगडी आपटली, म्हणून माझा नातू गेला. तेव्हापासून मालन त्या दगडाला दिवा लावत होती. अठरा वर्षं.

चित्राला त्याच क्षणी कळलं होतं. शापाचा धुण्याशी काही संबंध नाही. जमीन हडपणाऱ्याला तो शाप. या बाईने कुठलीही मर्यादा मोडलेली नाही. एक वाक्य बोललं की पुरे. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे मघाशी आपण ओळ गिळली हे कबूल करायचं. मार्गदर्शक सर नेहमी सांगायचे, लोकांच्या श्रद्धेत ढवळाढवळ करायची नाही, नुसतं नोंदवायचं. चित्राने त्या नियमाचा पदर धरला. आणि खरं सांगायचं तर आणखीही एक गोष्ट होती, जी तिने पुढे कित्येक वर्षं स्वतःपासून लपवली. मालन बोलत असताना तिला आतून आनंद होत होता. काय गोष्ट आहे ही, असं वाटत होतं. अर्थ सांगितला तर गोष्ट मोडेल. तिने वही काढली आणि मनगटीतल्या पांढऱ्या मण्यासकट सगळं उतरवून घेतलं.

प्रबंधात त्या दगडाला अर्धं पान मिळालं. मालनचं नाव तळटीपेत, 'स्थानिक माहितगार' म्हणून. बाकीचं वीस वर्षं वहीत पडून राहिलं आणि मग आसवी होऊन बाहेर आलं. लिहिताना चित्राने गाव बदललं, काळ बदलला, नावं बदलली. ताप मात्र गोष्टीला पुरेना. ताप कुणालाही येतो. म्हणून तिने आईच्याच हातून पोर देववलं.

*

वाचनालयातून माजिवड्याच्या घरी आल्यावर तिने नवऱ्याला, गुरुदत्तला, सगळं सांगितलं. गुरुदत्त बँकेतून निवृत्त झालेला, मवाळ माणूस. तो म्हणाला, "अगं, लेखक हे करतातच. माणसांतूनच घ्यायचं असतं ना? दुसरीकडून कुठून आणणार?"

"पण तिला सांगायला हवं ना?"

"मग सांग की."

हे 'सांग की' फार अवघड निघालं. पहिल्या रविवारी कॉलेजचं काम निघालं. दुसऱ्या रविवारी डोंबिवलीचा रस्ता तुंबला होता, तसा तो रोजच तुंबतो. तिसऱ्या रविवारी काहीच नव्हतं, तरी ती गेली नाही. रुचिताचे मेसेज यायचे, 'आजी या रविवारी घरी आहे'. चित्रा वाचायची आणि फोन उलटा ठेवायची. वर्गात विद्यार्थ्यांना ती सांगायची, लेख समोर असेल तर जे कोरलंय तेच वाचायचं, पदरचं घालायचं नाही. ते वाक्य आता तोंडातून निघेनासं झालं. पाचव्या आठवड्यात रुचिताने लिहिलं, 'मॅडम, वाट बघून उपयोग नाही. आजीला काही झालेलं नाही. ती फक्त चौसष्ट वर्षांची आहे.' त्या मेसेजनंतर मात्र चित्रा रिक्षा करून निघाली.

गाव ओळखू येईना. विहिरीवर सिमेंटची झाकणी बसली होती. शेतांच्या जागी बावीस-बावीस मजल्यांचे टॉवर उभे होते आणि हवेत कारखान्यांचा उग्र वास होता. पण मालनने तिला दारातच ओळखलं.

"कागदवाली बाय ना गो तू? केस पिकलं तुजं! ये, आत ये. रुचे, पानी आन."

तिने चित्राचा हात धरून तिला पलंगावर बसवलं. नातीला म्हणाली, "हिनं मना बसवून इचारला व्हता, काय झाला म्हनून. सगल्या गावात कुनी इचारला नाय. हिनं सगला लिवून घेतला. मना तवा लय हलका वाटला."

रुचिता दाराला टेकून उभी होती. तिने चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही.

चित्राने ठरवून आणलेली वाक्यं होती, पण ती सगळी विसरली. "मालनताई, मी एक गोष्ट लिहिली," ती म्हणाली. "खोटी गोष्ट. राजाराणीची असते तशी. त्यात तुमचं बाळ घातलं. तुम्हाला न विचारता."

मालनच्या चेहऱ्यावर कुतूहल आलं. "माजा पोर पुस्तकात हाय? हसतो का त्याच्यात?"

"हसतो."

"मंग?"

"मग त्याची आई त्याला त्या दगडाला देऊन टाकते. तिला राज्य हवं असतं म्हणून."

मालनने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"मी नाय दिला गो," ती म्हणाली. "मना तो पायजे व्हता."

चित्राला रडू आलं, पण इथे रडण्याचा हक्क आपला नाही एवढं तिला कळत होतं. आणि अजून मुख्य गोष्ट राहिलीच होती. "मालनताई, दगडापाशी चला," ती म्हणाली. "तेव्हा मी तुम्हाला नीट वाचून दाखवलं नव्हतं."

दगड एका सोसायटीच्या कुंपणाबाहेर उभा होता. वर पत्र्याची शेड, खाली बाथरूमच्या लाद्या. शेंदराचा थर पुन्हा इंचभर जाड झाला होता, अक्षर एकही दिसत नव्हतं. पण चित्राला लेख पाठ होता. तिने शेंदरावर बोट फिरवत एकेक ओळ सांगितली. कुठला राजा, कुठलं देऊळ, कुठलं शेत. शेवटी ती ओळ आली. रस्त्यावरून माणसं जात होती, कोपऱ्यावर दोन रिक्षावाले बसले होते. चित्राने ती ओळ जशीच्या तशी, शिवीसकट, मोठ्याने वाचली आणि आजच्या भाषेत तिचा अर्थही सांगितला.

रुचिताने तोंडावर हात ठेवला. मालन मात्र फिसकन हसली. "एवराच? ह्ये तं आमच्या नलावर रोज ऐकतं मी!"

मग ती थांबली. "आन धुन्याचा?"

"धुण्याचं काही नाही."

"पोराचा?"

"काहीच नाही. कुणी देवाची जमीन लाटली तर त्याला ही शिवी. बाकी कुणाला नाही. तुम्हाला तर नाहीच."

मालन दगडाकडे पाहत उभी राहिली. मग तिने मान वळवली, आणि तिचा चेहरा चित्राने आजवर कधी पाहिला नव्हता तसा झाला होता.

"तुना ह्या तवा म्हायती व्हता?"

खोटं बोलायची सोय होती. लेख नंतर लागला, पुण्याच्या तज्ज्ञांना दाखवला, असं काहीही सांगता आलं असतं.

"हो," चित्रा म्हणाली. "तेव्हाच माहीत होतं. बोलायची लाज वाटली."

"तवा माजी सासू जिती व्हती," मालन म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माज्या पुरच्या दोन पोरांना तिनं मना कदी न्हाऊ घालू दिला नाय. माज्याच पोरांना. माज्या हाताला पाप लागलाय म्हनायची. आठ वर्सं जगली ती तू गेल्यावर. तू बोलली असतीस तं मी तिला हिथं उबी केली असती. तुज्या तोंडून ऐकवला असता."

"तुना लाज वाटली," मालन म्हणाली. "मी गावभर लाज घेऊन फिरली गो. जा आता तू."

चित्रा वळून चालू लागली. रिक्षा मिळेपर्यंत रुचिता तिच्या मागे दहा पावलं अंतर ठेवून आली, आणि रिक्षा थांबल्यावर जवळ येऊन म्हणाली, "मॅडम, लेखाचा अर्थ साध्या मराठीत लिहून द्या. एका पानावर. मी बोर्ड करून लावते."

*

चित्राने ते एक पान लिहायला चार दिवस घेतले. तीस वर्षांत असं सरळ काही लिहिलेलं नव्हतं. एकही तळटीप नाही, 'बहुधा' नाही, 'असे दिसते' नाही. बोर्ड लागला तेव्हा गावातल्या काही मंडळींनी हरकत घेतली. बायाबापड्या येतात-जातात, शिवीची ओळ तरी गाळा, असं त्यांचं म्हणणं. मालन म्हणे काठी घेऊन बोर्डाखाली बसली. गाळायची नाय, म्हणाली. त्याच ओलीपायी माजा जलम गेला.

कादंबरीचं निस्तरणं आणखी कठीण होतं. चित्राला वाटलं, जाहीर माफी मागावी, नवीन आवृत्तीत सगळं खरंखरं सांगावं. पण सांगायचं म्हणजे मालनचं दुःख पुन्हा एकदा चव्हाट्यावर मांडायचं, या वेळी नावानिशी. म्हणजे माफी मागून मोकळं व्हायची वाटसुद्धा तिनेच बंद करून ठेवली होती. तिने रुचितामार्फत विचारलं, काय करू? निरोप आला, 'आजीचं नाव कुठेच नको. त्या बाईने पोर दिलं नाही, असं लिहा.'

प्रकाशक डोक्याला हात लावून बसला. "मॅडम, पोर दिलं नाही तर आसवी आसवी कसली? उरलं काय मग? चौथ्या भागाची ऑर्डर येऊन पडलीय."

"ताप येतो आणि बाळ जातं," चित्रा म्हणाली. "आई काहीच करू शकत नाही. एवढं उरतं."

चौथा भाग तिने लिहिला नाही. पहिल्याची नवीन आवृत्ती निघाली, तीत आसवी बाळाला छातीशी धरून तीन दिवस बसून राहते. वाचकांची खरमरीत पत्रं आली. लेखिकेने आपल्याच पात्राचा गळा घोटला, असं एकाने लिहिलं. कॉलेजातली एक तरुण सहकारी कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत म्हणाली, "टिपणीस मॅडम, आधीचंच भारी होतं हो, का बदललंत?" चित्राने कारण सांगितलं नाही. आधीच्या आवृत्तीची हजारो पुस्तकं लोकांच्या कपाटांत होती आणि त्यांतल्या प्रत्येकात ती आई आपलं पोर देत होती, हे तिला रस्त्याने चालतानासुद्धा आठवायचं. कुणी ओळखून हसलं की ती नजर चुकवायची.

पुढच्या वर्षी पितृपक्षात रुचिता तिला कॉलेजात भेटायला आली. तिला एमएला हाच विषय घ्यायचा होता, त्यासाठी पुस्तकांची यादी हवी होती. यादी घेऊन झाल्यावर ती जाता जाता थांबली.

"काल आमच्याकडे पान होतं. पणजीचं, आजीच्या सासूचं," ती म्हणाली. "गच्चीवर वाडी ठेवली, कावळा येईना. तर आजी तिथे उभी राहून मोठ्याने बोलायला लागली. आये, ऐकलास का, दगरावर माजा काय नाय लिवलेला, म्हणाली. ती अख्खी ओळ म्हणून दाखवली तिने, मॅडम. शेजारच्या टॉवरमधले लोक खिडकीत आले बघायला."

चित्राने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी येऊन भेटू का गं त्यांना? एकदाच?"

"विचारलं मी. आजी म्हणाली, अजून नको."

चित्राने झटकन वर पाहिलं. "अजून म्हणाल्या?"

रुचिताने पुस्तकांची यादी घडी करून पर्समध्ये ठेवली. तिला खोटं बोलणं जमत नव्हतं.

"नाही, मॅडम," ती म्हणाली. "आजी नुसतं नको म्हणाली. 'अजून' मी घातलं."